मला एकतीस वर्षं आहेत

"सिन्योरा, मी दा इल तीरो?"

इंटरकॉममधून बाईचा आवाज आला आणि मी तो कानाला लावून तशीच उभी राहिले. ऑक्टोबर 2015. बोलोन्यात येऊन आम्हाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. नवरा पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. या भागात अशा कारखान्यांची रांगच आहे, चहाच्या पिशव्या भरण्यापासून औषधाच्या गोळ्या पाकिटात घालण्यापर्यंत सगळ्याची यंत्रं इथे बनतात. तो सकाळी सातला जायचा. मग घरात मी, तीन वर्षांची लेक आणि पुण्यात असताना मोबाइलवर तीन महिने घोटलेलं इटालियन.

शब्दकोशात 'तीरो' काढला. ओढणं, फेक, नेम, बंदुकीचा बार, सिगारेटचा झुरका. यातलं नेमकं काय मागतेय ही बाई? मी "नो, ग्रात्सिए" म्हणून ठेवून दिलं.

पाच मिनिटांनी दारावर थाप. खालच्या मजल्यावरच्या आजी. दोन्ही हातांत पिशव्या, किल्ली घरात विसरलेली, दुसऱ्याच कुणीतरी खालचं दार उघडून दिलेलं. चिडल्या नव्हत्या. मनगटाला धरून मला इंटरकॉमपाशी नेलं, त्याच्यावरचं एक बटण दाबून दाखवलं, खाली दाराचा 'खट्' आवाज झाला. "एक्को. इल तीरो." पूर्वी म्हणे वरून दोरी ओढून खालचं दार उघडायचे. दोरी गेली, ओढणं राहिलं. "दार उघडता का" याला बोलोन्यात "मला ओढ देता का" म्हणतात आणि रोमच्या माणसालाही ते कळत नाही, हे आजींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. एवढं समजायला हातवाऱ्यांसकट अर्धा तास गेला. कचऱ्याचंही तेच. मोबाइलने शिकवलं होतं 'स्पात्सातूरा', इथे जो तो म्हणतो 'रूस्को'. पुस्तकातली मराठी पाठ करून कोल्हापूरच्या स्टँडवर उतरावं आणि पहिल्याच माणसाने "काय भावा, नाद खुळा" म्हणावं, तसं माझं झालं.

भाषेच्या आधी नावाची वासलात लागली. मी हर्षदा जाधव. इटालियन वर्णमालेत अक्षरं फक्त एकवीस. जे, के, डब्ल्यू, एक्स आणि वाय ही पाहुणी मंडळी. एच आहे, पण मुका. जे दिसला की जुन्या सवयीने त्याचा य करतात. त्यामुळे पहिल्याच सरकारी खिडकीवर माझी 'अर्सादा यादाव' झाली. देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारी जाधव घराणी आपल्याकडे आहेतच. ते नातं इथल्या कारकुनाने दोन सेकंदांत जोडून दिलं. पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, ते त्याला माझं दुसरं नाव वाटलं. म्हणून कित्येक महिने दवाखान्यात पुकारा व्हायचा, "सिन्योरा अर्सादा सचिन!"

मग आला कोदिचे फिस्काले, आपल्या पॅन कार्डाचा थोरला भाऊ. सोळा अक्षरं-अंक. आडनावातली तीन, नावातली तीन, मग जन्मवर्ष, महिन्याचं एक अक्षर आणि जन्मतारीख. मी 12 तारखेची, कागदावर 52. बायकांच्या तारखेत चाळीस मिळवायचे, म्हणजे आकड्यावरूनच बाई की बुवा कळतं. पुढे झेड 222, म्हणजे भारत. शेवटी पडताळणीचं एक अक्षर. हे सगळं फोनवर सांगायचं तर शहरांच्या नावांनी सांगतात, आ म्हणजे आंकोना, बी म्हणजे बोलोन्या, डी म्हणजे दोमोदोस्सोला. हे शेवटचं स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचं एक गाव. तिथे कधी न गेलेला माणूसही दिवसातून एकदा त्याचं नाव घेत असेल. माझ्या आडनावात डी आहे, त्यामुळे दोमोदोस्सोलाशी माझा घरोबा फार जुना.

रेल्वे स्टेशनच्या मागे बोलोनीना नावाची वस्ती आहे. तिथे प्रौढांच्या सरकारी शाळेत माझं नाव घातलं. या शाळांचे वर्ग जवळजवळ फुकट असतात आणि बाहेरच्या देशांतून आलेल्यांना त्यांचा मोठा आधार आहे. वर्गात आम्ही अठराजण. पाकिस्तानी पंजाबातल्या दोघी, बांगलादेशी पाच-सहा, मोरोक्कोच्या बायका, चिनी हॉटेलवाला, आणि युक्रेनची एक बाई जी दिवसभर एका म्हाताऱ्याची शुश्रूषा करून संध्याकाळी येऊन पहिल्या बाकावर बसायची. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला चष्मा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने उभं राहून वय सांगायचं होतं. इटालियनमध्ये माणूस एकतीस वर्षांचा 'असत' नाही, त्याच्याकडे एकतीस वर्षं असतात. वाक्य तोंडपाठ होतं. मी उठले आणि ठणकावून म्हणाले, "ओ त्रेंतूनो आनी."

'आन्नो' म्हणजे वर्ष. त्यात न दोन आहेत. एकच न म्हटला की होतो 'आनो', आणि तो शरीराचा असा भाग आहे ज्याचं नाव आपण चारचौघांत घेत नाही. तो माझ्याकडे एकतीसच्या संख्येने असल्याचं मी जाहीर केलं होतं. बाईंचा चेहरा जराही हलला नाही. नाकावरचा चष्मा काढून त्या एवढंच म्हणाल्या, "ब्रावा. पण दोन न लावून." मोरोक्कोच्या एकीला, जिला आधीपासून इटालियन येत होतं, तिला मात्र खोकल्याची उबळ आली ती वर्ग संपेपर्यंत थांबली नाही.

घरी जाताना बसमध्ये लाजेपेक्षा रागच जास्त आला. जोडाक्षर म्हणता येत नाही? मला? पती आणि पत्ती, गडी आणि गड्डी यांतला फरक ज्या भाषेत पाळण्यातलं पोरही ऐकतं, तिथून आलेय मी. मग कुठे बिघडलं? बिघडलं ते रोमन लिपीत. अक्षरं इंग्रजी दिसली की माझी जीभ आपोआप इंग्रजी व्हायची, आणि इंग्रजीत 'डिनर'मध्ये एन दोनदा लिहितात पण म्हणतात एकदाच. मी इटालियन शिकतच नव्हते. इंग्रजीच्या खिडकीतून डोकावून इटालियन बघत होते. आणि इंग्रजी तरी माझी कुठली? कराडच्या मराठी शाळेत पाचवीत पहिल्यांदा ए बी सी डी गिरवलेली मी.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली आणि सगळं इटालियन देवनागरीत लिहायला घेतलं. ती वही अजून आहे, पहिल्या पानावर ओल्या कपाच्या बुडाचा गोल डाग आहे.

देवनागरीने काय काय सोपं केलं ते सांगायला बसले तर पान पुरायचं नाही. त आणि द इटालियनमध्ये अस्सल दंत्य आहेत, आपल्या तांब्यातला त आणि दह्यातला द. ट आणि ड तिथे नाहीतच. 'पिझ्झा' हा शब्द आपण इंग्रजांकडून ऐकून बिघडवला. त्यातला झेड म्हणजे 'चमचा'मधला च, दोन वेळा. मी वहीत 'पिच्चा' लिहिलं, त्या च खाली टिंब दिलं आणि वाचून दाखवलं तर बाई म्हणाल्या, "पेर्फेत्तो." मराठीला दोन च आहेत, चाकातला आणि चिमणीतला, हे त्यांना पटवायला मला फळ्याशी जावं लागलं. इटालियनमध्येही दोन्ही आहेत. आणि ञ! आमच्या अंकलिपीत ञ च्या घरात चित्रच नसायचं. बिचारं अक्षर जन्मभर बेकार. इटलीत त्याला भरपूर काम आहे. ज्या गावात मी राहते त्याचा खरा उच्चार 'बोलोञा'. वर्तमानपत्रवाले बोलोन्या लिहितात, मीही लिहिते, पण तो ञ आहे.

उलट फसवलं ते सी-एच या जोडीने. आपण च साठी लिहितो ती अक्षरं इथे क म्हणतात आणि आपल्याला क वाटतो तिथे च निघतो. डब्यातून नेलेल्या बाकरवडीच्या पाकिटावरचं चितळ्यांचं नाव बाईंनी वाचलं, "कीताले."

खरी गंमत पुढच्या महिन्यात. मला कॉफी आवडते हे सांगायचं होतं. इंग्रजीच्या चालीवर मी म्हणाले, "ईओ प्याच्चो..." ईओ म्हणजे मी, पुढे आवडण्याचं क्रियापद, मी-चं रूप लावून. बाई म्हणाल्या, याचा अर्थ 'मी आवडते' असा झाला, कुणाला आवडता तेही सांगा. मग फळ्यावर लिहिलं: मी प्याचे इल काफ्फे. शब्दाला शब्द लावला तर 'मला आवडते कॉफी'. अनेकवचन आलं की 'मी प्याच्चोनो', आवडतात. मी बघतच राहिले. हे तर आपलंच वाक्य! मी तीन महिने 'आय लाइक'ला इटालियन झबलं शिवत बसले होते आणि इथे मराठीचं वाक्य जसंच्या तसं उभं होतं. डोकं दुखतं तेही तसंच, 'मी फा माले ला तेस्ता', मला दुखवतं डोकं. कर्ता गाळायचा तोही आपल्यासारखाच. 'जातो' म्हटलं की पुरे, पुढे मी कशाला? पाऊस पडतो तेव्हा नुसतं 'प्योवे', पडतोय. इंग्रजीसारखा 'इट' नावाचा भाडोत्री कर्ता आणावा लागत नाही.

भूतकाळ आला तेव्हा वर्गाचे दोन तट पडले. 'सोनो आंदातो' म्हणजे गेलो, 'सोनो आंदाता' म्हणजे गेले. माझा हात सगळ्यांत आधी वर. पंजाबी बायकांना आलं, त्यांच्याकडे गया-गई आहे. युक्रेनच्या बाईंनाही आलं, त्यांच्या भूतकाळातही बाई-बुवा वेगळे. बांगलादेशी पोरं मात्र गोंधळली, कारण बंगाली क्रियापदाला लिंग कशाशी खातात ते ठाऊक नाही. इतका वेळ इंग्रजीच्या जोरावर वर्गात पुढे असलेला त्यांच्यातला एक पदवीधर त्या दिवशी सगळ्यांत मागे पडला.

पण फार हुरळून गेले की आपटायचे. 'मी भाकरी खाल्ली, भात खाल्ला' हे अंगात मुरलेलं, म्हणून मी पास्ताला स्त्रीलिंग धरून 'ओ मांजाता ला पास्ता' म्हणाले. चूक. तिथे क्रियापद हलत नाही, मांजातोच राहतं. मात्र पास्ता आधी येऊन सर्वनाम पुढे आलं, 'ती मी खाल्ली' अशी रचना झाली, की लगेच 'लो मांजाता', थेट खाल्ली. म्हणजे आपला नियम त्यांच्याकडे आहे, पण अर्धवेळ नोकरीवर.

लिंगांत नपुंसक नाही हे ऐकून बरं वाटलं होतं. तीनाची दोन झाली, ओझं कमी. मग बाजारात अंडी घ्यायला गेले. एक अंडं 'लुओवो', पुल्लिंगी. दोन घेतली की 'ले उओवा', स्त्रीलिंगी! एका अंड्याचा बुवा आणि डझनाची बाई. हाडांचंही तेच. बाईंनी समजावलं की लॅटिनमध्ये हे शब्द नपुंसकलिंगी होते. ते लिंग गेलं, पण जाताना अनेकवचन मागे ठेवून गेलं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे अंडं अजून नपुंसकलिंगी आहे आणि हाडही. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "दोन हजार वर्षं तुम्ही ते सांभाळलंत?" असं काहीसं म्हणाल्या. मी मान डोलावली, जसं काही मीच बरणीत घालून ठेवलं होतं.

आता 'लेई'. आदरार्थी तुम्हीला इटालियनमध्ये 'लेई' म्हणतात, आणि लेईचा दुसरा अर्थ 'ती'. समोर मिशीवाला पोलीस असला तरी त्याला 'ती'च म्हणायचं, क्रियापदही 'ती'चंच. हे वहीत लिहून घेतलं होतं. पण वहीतलं दवाखान्यात आठवत नाही. लेकीला मांडीवर घेऊन मी माझ्या पाठदुखीसाठी डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. त्यांनी विचारलं, "लेई दोर्मे बेने?" मला वाटलं, लेकीची चौकशी. ती नीट झोपते का? मी हसून म्हणाले, "हो, ती छान झोपते. मीच झोपत नाही." डॉक्टरीणबाई क्षणभर माझ्याकडे, मग लेकीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या.

'लेई'चं मूळ 'वोस्त्रा सिन्योरीया'सारख्या उपाध्यांत आहे, म्हणजे 'आपली सरकारस्वारी' म्हणा. ती उपाधी स्त्रीलिंगी, म्हणून सर्वनामही स्त्रीलिंगी. हे कळलं आणि माझी अढी गेली. "महाराजांची स्वारी आली" असं आपण म्हणतोच की! मिशा महाराजांना, आणि 'आली' स्वारीला. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने हे लेई बायकी आणि परकं ठरवून त्याच्या जागी 'वोई' वापरायचा हुकूम काढला होता. राजवट गेली, लेई परत आलं. दक्षिणेत मात्र म्हाताऱ्या माणसांना अजून वोई म्हणतात.

मग एक दिवस खालच्या आजी म्हणाल्या, "दाम्मी देल तू", मला तू म्हण. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू? जीभ उचलेना. दोन दिवस मी त्यांच्याशी अशी वाक्यं बोलत होते ज्यांत तू-तुम्ही काहीच येणार नाही. मग आठवलं, माझ्या कराडच्या आजीला मी काय म्हणायचे? तूच. आईला तू, आजीला तू; तुम्ही असायचे ते वडील आणि 'अहो' सासूबाई. आजी म्हटल्यावर तू हे बरोबरच होतं की. तेव्हापासून तू.

परीक्षांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात रस नाही. पाच वर्षांनंतरच्या दीर्घ मुदतीच्या परवान्याला ए टू पातळी लागते. ती झाली. 2018 च्या शेवटापासून नागरिकत्वासाठी बी वन सक्तीची झाली. नागरिकत्व मी मागितलेलं नाही, पण नोकरी शोधताना कागद हाताशी असावा म्हणून तीही दिली. तोंडी परीक्षेत 'तुमच्या गावातला एखादा सण' विचारला. मी बेंदराचं वर्णन केलं. बैलांना पुरणपोळी खायला घालतात हे ऐकून परीक्षकाने दोनदा विचारलं, "बैलांना?"

नोकरी म्हणजे इंग्रजी शिकवायची. एका खासगी भाषा-शाळेत अर्ज केला. पुण्यात सहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं होतं, बी.एड. होतं. समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "लेई ए माद्रेलिंग्वा?" माद्रेलिंग्वा म्हणजे मातृभाषिक. मी म्हणाले हो, मराठीची. त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळून आवडला नाही. पालक उच्चाराचे पैसे देतात, तुमचा उच्चार इंग्लंडचा नाही, असं गोड आवाजात सांगून त्यांनी फाइल परत दिली. पुढे तिथे ठेवलेला मुलगा मी पाहिला. इंग्लंडचाच होता, बावीस वर्षांचा. 'प्रेझेंट परफेक्ट' का वापरायचा असं एका विद्यार्थ्याने विचारलं तर म्हणाला होता, "ऐकायला बरोबर वाटतं म्हणून."

माझी पहिली शिकवणी मिळाली ती 'तीरो'वाल्या आजींमुळे. त्यांचा नातू मेदियात होता. मेदिया म्हणजे आपली सहावी ते आठवी. इथे गुण दहापैकी, सहाला पास. पठ्ठ्याला इंग्रजीत चार. शिकवणीला इथे 'रिपेतित्सिओनी' म्हणतात, शब्दशः पुन्हा पुन्हा म्हणणं. तासाला बारा युरो ठरले आणि शिवाय आजींच्या हातची ताल्यातेल्ले.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स." मला माझी एकतीस आठवली आणि हसू आवरेना. मग एकेक बाहेर यायला लागलं. 'इज रेनिंग'. 'आय ॲम अग्री'. 'द पीपल इज', कारण इटालियनमध्ये लोक एकवचनी. 'द लाइफ इज ब्यूटिफुल', कारण त्यांना प्रत्येक नामाआधी उपपद लावल्याशिवाय चैन पडत नाही. आपल्या पोरांना उलट 'द' आठवतच नाही. मी पुण्याच्या वर्गात वर्षानुवर्षं 'द' पेरत होते, इथे ते उपटायला लागले. पण 'इज रेनिंग' मी ओळखत होते. ती चूक माझीही होती, पाचवीत, बाईंच्या लाल शाईखाली. पावसाला कर्ता कशाला हवा हे मलाही तेव्हा पटलं नव्हतं. म्हणून मी त्याला नियम न सांगता तक्रार सांगितली: "इंग्रजी वाक्य एकटं उभं राहू शकत नाही. त्याला कुणीतरी आधाराला लागतं. कुणी नसलं तर 'इट'ला धरून आणतात." त्यानंतर तो 'इट'ला 'इल पालो' म्हणजे खांब म्हणायला लागला, आणि विसरला की स्वतःच कपाळावर हात मारून "पालो!" ओरडायचा.

ह ची कथा वेगळी. त्यांना ह म्हणता येत नाही असं नाही, तो कुठे आहे तेच त्यांना समजत नाही. त्यामुळे जिथे आहे तिथे गाळतात आणि जिथे नाही तिथे घालतात. दुपारी चारला तो पोट धरून म्हणायचा, "आय ॲम अँग्री", आणि अंडं खाल्लं की "आय हेट ॲन एग". मी आजींचा चष्मा मागितला. काच तोंडासमोर धरून 'हंग्री' म्हटलं, काच धुकटली. 'अँग्री' म्हटलं, काच स्वच्छ. त्याच्या हातात दिला. पहिल्या चार वेळा काहीच नाही. पाचव्या वेळी त्याने एवढ्या जोराने 'हंग्री' म्हटलं की काचेवर थुंकी उडाली आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडल्या. पण धुकं आलं होतं.

उन्हाळ्यात सगळं बोलोन्या समुद्रावर, रिमिनीकडे जातं. परत आल्यावर निबंध: रोज सकाळी मी समुद्रकिनाऱ्यावर गेलो. वाचून दाखवताना 'बीच'मधला ई त्याने इतका आखूड केला की आजींना इंग्रजी येत नाही याबद्दल मी देवाचे आभार मानले. इटालियनमध्ये इ-ई असा अर्थ बदलणारा भेद नाही. मी वहीच्या समासात ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी काढली, एक पताका डावीकडून, एक उजवीकडून. शिप ऱ्हस्व, शीप दीर्घ. त्याला ती फार आवडली. त्याच्या शाळेच्या पुस्तकात इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने वेलांट्या आहेत. त्याच्या शाळेतल्या बाईंना त्या कसल्या खुणा वाटल्या असतील कोण जाणे.

माझ्या हातून घोटाळाही झाला, तो लपवत नाही. सहाएक महिन्यांनी त्याच्या आईने विचारलं, हा 'वॉटर' आणि 'टेबल' असं जीभ मागे वळवून का म्हणतो? माझा ट. खणखणीत कराडचा ट, त्याच्या तोंडात जाऊन बसला होता. त्या भाषा-शाळेतल्या बाई आठवल्या आणि जरा टोचलं. थ्री मधला 'टीएच' तर आम्हा दोघांनाही येत नव्हता. त्याचा त यायचा, माझा थ. शेवटी आरसा मध्ये ठेवून दोघं जीभ दातांत धरून बसायचो, बीबीसीवरच्या बातम्या ऐकत. आजी दारातून बघून म्हणायच्या, वेडी झालीत.

नातवाला जूनमध्ये सहा मिळाले. आजींनी जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, आणि माझ्याकडे अकराजण झाले.

त्यांत एक बाई कारखान्यात विक्री विभागात. त्यांना वाटायचं आपल्याला इंग्रजी निम्मं येतंच, कारण इटालियनमध्ये इंग्रजी शब्द पोत्याने आहेत. फक्त ते इंग्रजांना कळत नाहीत. 'स्मोकिंग' म्हणजे समारंभात घालायचा काळा सूट. 'बॉक्स' म्हणजे गाडी लावायची जागा. 'गोल्फ' म्हणजे स्वेटर. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला त्यांनी कळवलं होतं की जेवणाला स्मोकिंग आवश्यक आहे. मला हसायचा अधिकार नव्हता. गाडीच्या मागच्या कप्प्याला 'डिकी' आणि जादा चाकाला 'स्टेपनी' म्हणणाऱ्यांतली मी. त्यांना ते सांगितलं तर त्यांनी दोन्ही शब्द लिहून घेतले.

आणि ओळखीचे शब्द दोन्हीकडून फसवतात. नळावर सी लिहिलंय म्हणून गार समजून सोडला. सी म्हणजे 'काल्दो', उकळतं. घरमालकाने 'दोन कामेरे' म्हटलं तेव्हा नवरा म्हणाला, फ्लॅटमध्ये कॅमेरे कशाला? कामेरा म्हणजे खोली. आपल्या हिंदी-वऱ्हाडी 'कमऱ्या'चं मूळही तेच, तो पोर्तुगीजांनी आणला. चावी आणि इथली 'क्यावे', पगार आणि 'पागारे', पाव आणि 'पाने', अननस आणि 'आनानास': गोव्याच्या वाटेने आलेले हे शब्द मला इथे मावसभावंडांसारखे भेटले. गोव्यावरून आठवलं, फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी 1580 च्या दशकात भारतात आला होता. त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत नोंदवलंय की इथल्या पंडितांच्या भाषेतले सहा, सात, आठ, नऊ हे आकडे आणि देव, सर्प हे शब्द आपल्यासारखेच आहेत. 1588 मध्ये तो गोव्यातच वारला. माझ्या वर्गात हे मी सेत्ते-सात, ओत्तो-आठ शिकवताना सांगते. इंग्रजीच्या तासाला त्याचा काही उपयोग नाही, पण सांगते.

आता लेक तेरा वर्षांची आहे. तिचं इटालियन ऐकलं की माझं मलाच परकं वाटतं. मी बोलता बोलता अडखळले की ती मागून हळूच बरोबर रूप सुचवते, भाजीवाल्याला ऐकू जाईल इतपत हळू. तिची मराठी मात्र आमच्या दोघांच्या आणि व्हिडिओ कॉलच्या जिवावर आहे. 'च' दोन्ही छान, ळ ला थोडा त्रास.

परवा वाढदिवसाला कराडला फोन लावला. माझी आई पडद्यावर, नेहमीप्रमाणे निम्मं कपाळ आणि वरचा पंखा. तिने विचारलं, "कितवं लागलं गं माझ्या बायेला?"

लेक म्हणाली, "आजी, मला तेरा वर्षं आहेत."

मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तोवर पलीकडून आई म्हणाली, "तुला तेराच हाईत व्हय? मला एकाहत्तर हाईत. घेतीस का त्यातली दोन-चार?"